यंत्र घेण्याआधी गव्हाण मोजा

वाचकाचे पत्र, थोडक्यात : संगमनेर तालुक्यातील एका भगिनींच्या घरी संकरित होल्स्टीनच्या अकरा गाई आहेत. त्यांतल्या आठ दुभत्या, दोन गाभण भाकड आणि एक गाभण पहिलारू आहे. रोजचे दूध सुमारे ११० लिटर भरते. सर्वांत जास्त देणारी गाय २२ लिटरची आणि सर्वांत कमी देणारी ८ लिटरची आहे. प्रत्येक दुभत्या गाईला दिवसाला अंदाजे १५ किलो मुरघास (हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा), १० किलो हत्तीघासाची कुट्टी, १ किलो कडबा आणि धारेच्या वेळी दोनदा मिळून ७ किलो खुराक (पेंड, भरडा) असे सारखेच दिले जाते. गळिताच्या हंगामात हत्तीघासाची जागा उसाचे वाढे घेतात. गेल्या सहा महिन्यांत संकलन केंद्रावर फॅट ३.८ वरून ३.२ वर आली, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक) मात्र ८.४ वर टिकून आहे. दोन गाई लंगडतात आणि एक गाय व्यायल्यावर दुग्धज्वराने, म्हणजे अंगातले कॅल्शियम कमी पडून, बसली होती. यजमानांना कर्ज काढून साडेचार लाखांचे, चार घनमीटर क्षमतेचे टीएमआर यंत्र (वैरण आणि खुराक एकत्र कालवणारे) घ्यायचे आहे, कारण शेजारच्या साठ गाईंच्या गोठ्यावर ते आले आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की, पुढ्यात आंबोण (भिजवलेला खुराक) ठेवल्याशिवाय गाय पान्हावत नाही आणि सगळे एकत्र कालवणे म्हणजे गाईचा घास बिघडवणे. चारा-पाणी आणि शेणघाण करणाऱ्या या भगिनी शेवटी लिहितात, "मला यातले शिक्षण नाही. दोघांच्या मध्ये मी काय बोलू?"

ताई,

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते मला पटलेले नाही. यातले शिक्षण नाही असे तुम्ही म्हणता आणि त्याच पत्रात कोणती गाय मुरघास बाजूला सारून आधी पेंडीचे खडे वेचते, कोणती पहाटे रिकामी गव्हाण चाटत असते आणि वाढे सुरू झाले की कोणती चार दिवस दुधाला कमी पडते, हे सगळे तुम्ही नीट लिहून कळवले आहे. घरात ज्या प्रश्नावर वाद चालला आहे, त्याचे निम्मे उत्तर या निरीक्षणांत आहे. ती निरीक्षणे यजमानांकडे नाहीत आणि सासूबाईंकडेही आता राहिलेली नाहीत, कारण रोज गव्हाणीपाशी वाकणाऱ्या तुम्हीच आहात. तेव्हा दोघांच्या मध्ये काय बोलायचे हा प्रश्न मी थोडा बदलून घेतो आणि तुमच्याजवळ जे आहे ते आकड्यांत कसे मांडायचे, ते सांगतो.

आधी फॅटचे पाहू. फॅट उतरली आणि एसएनएफ जागेवर राहिला, ही जोडी पुष्कळ काही सांगून जाते. दुधातल्या फॅटचा मोठा भाग तंतुमय वैरण पोटात आंबताना तयार होणाऱ्या आम्लापासून बनतो, तर भरडा, पेंड आणि धान्य आंबताना वेगळे आम्ल तयार होते, तेही झपाट्याने. गाईच्या मोठ्या पोटातले जिवाणू या दोन्हींवर जगतात, पण त्यांना समतोल लागतो. गाय रवंथ करते तेव्हा तिची लाळ पोटात उतरते. दिवसाला शंभर लिटरच्या वर सुटणारी ही लाळ खाण्याच्या सोड्यासारखे काम करते आणि पोटातला आंबटपणा वाढू देत नाही. वैरण कमी झाली, फार बारीक झाली किंवा खुराक एकदम पडला की रवंथ घटतो, लाळ घटते, पोट आंबते आणि तंतू पचवणारे जिवाणू मंदावतात. त्याचा पहिला परिणाम फॅटवर दिसतो आणि काही महिन्यांनी तोच खुरांवर उतरतो. तुमच्या लंगडणाऱ्या दोन गाईंचे खूर डॉक्टरांना दाखवाच, कारण ओल्या सिमेंटच्या कोब्यानेही खूर खराब होतात. तरी फॅट आणि लंगडणे एकाच सहामाहीत सुरू झाले, हे मला योगायोगाचे वाटत नाही.

आता तुमची गव्हाण कोरड्या वजनात मांडून पाहू, कारण ओल्या वजनाने आपली नेहमी फसवणूक होते. चांगल्या मुरघासात सत्तर टक्के पाणीच असते, तेव्हा १५ किलो मुरघासातून गाईच्या पोटात साडेचार किलोच कोरडा चारा जातो. १० किलो हत्तीघासातून जेमतेम २ किलो आणि एका किलो कडब्यातून ९०० ग्रॅम मिळतो. वैरणीची बेरीज झाली सुमारे ७.४ किलो. खुराक मात्र जवळजवळ कोरडाच असतो, त्यामुळे ७ किलोंतून ६.३ किलो मिळतात. एकूण आले १३.७ किलो. साडेचारशे किलोंच्या गाईला वजनाच्या तीन ते साडेतीन टक्के कोरडा आहार लागतो, म्हणजे पोट भरण्यापुरते तुम्ही घालत आहात. वाटणी मात्र बिघडली आहे. वैरण साठ टक्के आणि खुराक चाळीस टक्के असावा ही सर्वसाधारण रीत आहे, तुमच्याकडे खुराक सेहेचाळीस टक्क्यांवर गेला आहे. त्यातही तो साडेतीन किलो एकदम, पहाटेच्या रिकाम्या पोटी आणि वैरणीच्या आधी पडतो. फॅटची घसरण इथेच सुरू झाली असावी, असे माझे मत आहे. हत्तीघासाच्या जागी वाढे येतात तेव्हा त्यात आणखी भर पडते, कारण वाढ्यांत प्रथिने कमी असतात आणि त्यांतले ऑक्झालेट चाऱ्यातल्या कॅल्शियमला बांधून ठेवते. वाढे घालूच नका असे मी सांगणार नाही, आपल्या भागात गळिताच्या दिवसांत ते अनेकांना घालावे लागतात. पण बदल दहा-पंधरा दिवसांत हळूहळू करा आणि वाढ्यांच्या काळात क्षार मिश्रणात खंड पडू देऊ नका.

हे सगळे तुम्ही कळवलेल्या 'अंदाजे' आकड्यांवर बेतलेले आहे, म्हणून पहिला खर्च मी चार-पाचशे रुपयांचा सुचवतो, तो म्हणजे एक ताणकाटा. काही वर्षांपूर्वी फलटणकडच्या एका गोठ्यात मी हाच प्रश्न घेऊन गेलो होतो. त्या घरात सकाळची वैरण मुलगा घाली आणि संध्याकाळची आई घाली. दोघेही एका गाईला "दोन पाट्या" घालत असल्याचे सांगत होते आणि दोघेही खरे बोलत होते. मुलाची पाटी काट्याला लावली तर ती ११ किलोंची भरली, आईची ७ किलोंची. आई कमरेच्या दुखण्यामुळे पाटी शिगोशीग भरत नव्हती आणि ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. त्या गाई रोज संध्याकाळी अर्धपोटी राहत होत्या आणि घरचे लोक खुराकाची कंपनी बदलत होते. खुराकाच्या डब्याचेही असेच होते. ज्या डब्यात गोळी पेंड सव्वा किलो मावते, त्यात गव्हाचा भुस्सा निम्माही मावत नाही, पण हिशोबात दोन्ही "एक डबा" म्हणूनच धरले जातात. तुम्ही तुमची पाटी, घमेले आणि डबा एकदा वजन करून घ्या आणि त्या त्या वस्तूवर रंगाने आकडा लिहून ठेवा.

गाईचे वजनही अंदाजाने धरू नका, ते टेपने काढता येते. छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागून इंचांत मोजा आणि लांबी खांद्याच्या सांध्यापासून पुठ्ठ्याच्या टोकाच्या हाडापर्यंत घ्या. घेराला घेराने गुणा, येईल त्याला लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. घेर ७० आणि लांबी ६० असेल तर वजन ४४५ किलो येते. आठ गाईंचे हे काम एका दुपारी उरकते.

आता यंत्राकडे येतो. यजमानांचा विचार मुळात चुकीचा नाही, हे मला आधी सांगायचे आहे. टीएमआर म्हणजे संपूर्ण मिश्र आहार. वैरण, खुराक आणि क्षार असे एकजीव करायचे की गाईच्या प्रत्येक घासात सगळे सारख्या प्रमाणात जावे, तिला वेचून खाता येऊ नये आणि पोटात आंबणे दिवसभर संथपणे चालावे. तुमची जी गाय पेंडीचे खडे आधी वेचते, तिच्यासाठी हे तत्त्व अगदी योग्य आहे. पण तत्त्व आणि यंत्र या दोन गोष्टी आहेत, आणि तुमच्या गोठ्यात यंत्र बसते का, हे तीन बाजूंनी तपासायला हवे.

पहिली बाब वाटेची. तुमच्या गोठ्यातली मधली वाट साडेचार फुटांची आहे आणि गाई दोन्ही बाजूंना दावणीला आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. ट्रॅक्टरमागचे यंत्र या वाटेने आत जाणार नाही. ते अंगणात उभे राहील, त्यात मुरघास तुम्हीच भराल आणि मिश्रण पाट्यांनी आत तुम्हीच वाहाल. तुमचे कष्ट त्याने कमी होणार नाहीत. दुसरी बाब मापाची. मिश्रणाच्या एका घनमीटरचे वजन साधारण तीनशे किलोंच्या आसपास भरते, म्हणजे चार घनमीटरचे यंत्र हजार-बाराशे किलोंसाठी आहे. तुमच्या आठ गाईंची रोजची गरज अडीचशे किलोंची. तळाशी थोडेसे टाकले तर यंत्र नीट कालवत नाही, आणि तीन-चार दिवसांचे एकदम कालवून ठेवले तर उन्हाळ्यात ते दुसऱ्याच दिवशी तापून आंबूस वास मारू लागते. शेजाऱ्यांच्या साठ गाईंना ते यंत्र शोभते, कारण त्यांचे माप त्याला पुरते.

तिसरी बाब पैशाची. साडेचार लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी अकरा टक्क्यांनी धरले तर महिन्याचा हप्ता सुमारे ९,८०० रुपये बसतो. तुमचे महिन्याचे दूध ३,३०० लिटर. म्हणजे प्रत्येक लिटरमागे जवळपास ३ रुपये हप्त्यातच जातील, डिझेल आणि सुऱ्यांना धार लावण्याचा खर्च निराळा. दुधाच्या पगाराची दहा दिवसांची पावती यजमानांसमोर ठेवून हा हिशोब त्यांनाच करू द्या. तुम्ही तो करून दाखवण्यापेक्षा त्यांनी स्वतः केलेला बरा.

सासूबाईंच्या म्हणण्यातही तथ्य आहे. आंबोण पाहून गाय पान्हावते हे खरेच आहे आणि प्रत्येक गाईचा घास वेगळा असतो ही त्यांची जाण मोलाची आहे. संपूर्ण मिश्र आहाराची सर्वांत मोठी अडचण नेमकी तीच आहे. एकाच कालवणावर २२ लिटरची गाय अशक्त होत जाते आणि ८ लिटरची गाय लठ्ठ होते, आणि लठ्ठ झालेली गाय पुढच्या वेताला अवघड विते आणि व्यायल्यावर खात नाही. मोठ्या गोठ्यांत म्हणूनच दुधाप्रमाणे गट पाडतात. आठ गाईंत गट कसले पाडणार? मात्र एक गोष्ट सासूबाईंना सांगायला हवी. प्रत्येक गाईचा घास वेगळा, असे म्हणत असताना आज तुमच्या गोठ्यात आठही गाईंना सारखाच सात किलो खुराक पडतो आहे. त्यांच्या काळी तसे नव्हते. त्या दुभतीला जास्त आणि आटत आलेलीला कमी घालत असत, हे त्यांनाच आठवून सांगायला लावा.

मी सुचवतो ती पद्धत अशी. सर्व गाईंना एक समान कालवण घालायचे, जे १० लिटर दुधापर्यंत पुरेल. दर गाईला मुरघास १८ किलो, हिरवी कुट्टी ८ किलो, कडब्याची कुट्टी दीड किलो, खुराक साडेतीन किलो आणि क्षार मिश्रण ५० ते १०० ग्रॅम. खुराकाच्या गोणीत क्षार किती आहेत ते पाहून हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. दहा लिटरच्या पुढे प्रत्येक लिटरला ४०० ग्रॅम खुराक, तो धारेच्या वेळी त्या त्या गाईच्या पुढ्यात, सासूबाईंच्या पद्धतीने. चौदा लिटरच्या गाईला असे एकूण ५ किलो १०० ग्रॅम होतात, वीस लिटरच्या गाईला साडेसात किलो आणि नऊ लिटरच्या गाईला फक्त कालवणातले साडेतीन. एका वेळी दोन किलोंच्या वर खुराक कोणत्याही गाईपुढे जाऊ देऊ नका. २२ लिटरच्या गाईचा वरचा खुराक पावणेपाच किलोंच्या आसपास होतो, तो दोन धारा आणि दुपार असा तीन वेळा विभागा. पहाटे आधी दोन घास वैरण जाऊ द्या आणि मग खुराक ठेवा.

तुमच्या आठ गाईंच्या दुधाप्रमाणे मी बेरीज केली तर रोजच्या ५६ किलो खुराकाच्या जागी ४२ किलोंच्या आसपास लागतो. पन्नास किलोंची गोणी १,६०० रुपयांना, म्हणजे किलो ३२ रुपयांना, हा तुम्ही कळवलेला भाव धरला तर दिवसाला साडेचारशे रुपयांचा खुराक वाचतो. वाढवलेला मुरघास, कडबा आणि क्षार यांत त्यातले निम्मे परत जातील, उरलेले तुमचे. शिवाय फॅट ३.५ वर परत आली की दराची कपात थांबेल, तो फायदा वेगळा. हा बदल एका दिवसात मात्र करू नका. पोटातले जिवाणू नव्या चाऱ्याला सरावायला दोन-तीन आठवडे घेतात, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी अर्धा किलो खुराक कमी करत जा. जास्त दुधाच्या गाईंना वीस-बावीस लिटर टिकवायचे तर प्रथिनेही लागतात आणि मक्याचा मुरघास ऊर्जेला चांगला असला तरी प्रथिनांना दुबळा आहे. चार-पाच गुंठे लसूणघास लावता आला तर हत्तीघासाच्या जागी तो याच गाईंना द्या. राहुरी विद्यापीठाचा आरएल-८८ हा बहुवर्षीय वाण महिन्याभराने कापणीला येत राहतो.

कालवायचे कसे, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. दोन्ही वेळचे मिळून अडीचशे किलो फावड्याने उलथायचे, आणि ते तुमच्या पाठीवर, तर तो सल्ला मला द्यायचा नाही. स्वच्छ कोब्यावर आधी मुरघास पसरा, त्यावर हिरवी आणि कडब्याची कुट्टी, वर खुराक आणि क्षार, आणि फावड्याने तीन वेळा पालथे करा. कालवण फार कोरडे वाटले तर पाण्याचा हबका मारा, म्हणजे पीठ वैरणीला चिकटते आणि गाईला वेचता येत नाही. एका वेळच्या सव्वाशे किलोंना पंधरा-वीस मिनिटे लागतात. ही वीस मिनिटे यजमानांची असावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. साडेचार लाख गुंतवायची तयारी असलेल्या माणसाला हे तीन महिने करून पाहणे जड जाऊ नये, आणि मिश्रणाने आपल्या गाईंत काय फरक पडतो, हे त्यांना हाताने कळेल.

पैसे खर्च करायचेच असतील, तर माझ्या मते ते आधी पाण्यावर आणि मोकळेपणावर करा. गाईंना दिवसातून दोनदा हौदावर सोडता, असे तुम्ही लिहिता. वीस लिटर दूध देणारी गाय उन्हाळ्यात शंभर लिटरच्या आसपास पाणी पिते आणि ते ती दोन वेळांत पिऊ शकत नाही. पाणी कमी पडले की ती वैरणही कमी खाते. गोठ्यालगत लोखंडी पाइप किंवा जाळीचे कुंपण घालून सावली आणि हौद असलेला मुक्त संचार गोठा केला, तर गाय वाटेल तेव्हा पिते, बसते, रवंथ करते. खुरांनाही मातीची जमीन मानवते. त्याला साडेचार लाख लागत नाहीत.

मुरघासाबद्दल दोनच गोष्टी सांगतो. एक टनाची बॅग उघडल्यावर ती तुमच्याकडे सहा-सात दिवस पुरते, तेवढ्या दिवसांत तिचे तोंड रोज दाबून आणि घट्ट बांधून ठेवा. हात कोपरापर्यंत आत घातल्यावर गरम लागला, तर आत हवा गेली आहे असे समजा. मूठभर मुरघास दाबून सोडा. गोळा हळूहळू उमलला तर ओल योग्य आहे, बोटांतून पाणी गळले तर मका फार कोवळा कापला गेला आहे. बुरशीचा भाग भाकड गाईंना "खपवण्याची" सवय अनेक गोठ्यांत आहे. तुमच्याकडे असेल तर ती आजच बंद करा, कारण बुरशीने गाभ जाऊ शकतो. दुभत्या गाईने बुरशीतले अफ्लाटॉक्सिन खाल्ले तर ते दुधातही उतरते, आणि दुधातल्या या विषाची कायदेशीर मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे.

बदल लागू पडतो आहे का, हे फॅटच्या पावतीआधी तुम्हाला दिसेल. दुपारी दोनच्या सुमारास, गाई खाऊन बसल्या असताना गोठ्यात पाच मिनिटे गप्प उभ्या राहा. बसलेल्या गाईंपैकी निम्म्याहून अधिक गाईंचे जबडे हलत असायला हवेत. एका गाईच्या गळ्याकडे पाहा, घास वर आल्याचा उंचवटा मानेतून सरकताना दिसतो. तिथपासून तो परत गिळेपर्यंत ती किती वेळा चावते ते मोजा. पन्नास ते सत्तरच्या दरम्यान असेल तर पोट ठीक आहे, तीस-पस्तीसवरच घास गिळत असेल तर तंतू कमी पडतो आहे. आठवड्यातून एकदा मूठभर शेण पिठाच्या जुन्या चाळणीत घेऊन नळाखाली धुवा. चाळणीत मक्याचे अख्खे दाणे आणि बोटाच्या पेराएवढ्या काड्या राहिल्या, तर चारा न पचता बाहेर पडतो आहे. आजच एकदा धुऊन, राहिलेला गाळ कागदावर वाळवून ठेवा. महिन्याने त्याच्याशी ताडून पाहता येईल.

हेच प्रश्न असणाऱ्या इतर वाचकांसाठीही थोडे लिहितो. तीन-चार गाई असणाऱ्यांनी कालवणाच्या भानगडीत पडले नाही तरी चालेल. त्यांनी खुराक दुधाच्या प्रमाणात आणि तीन-चार वेळा विभागून दिला आणि वैरण आधी घातली, तर बहुतेक काम भागते. ज्यांच्याकडे तीस-चाळीस दुभत्या गाई आहेत, ट्रॅक्टर घरचा आहे आणि गव्हाणीपर्यंत तो जाऊ शकतो, त्यांना यंत्र परवडू शकते. त्यांनीही वर्षभराच्या मुरघासाची बेगमी आधी करावी आणि यंत्र नंतर घ्यावे. मधल्या गोठ्यांना, ताईंच्या गोठ्यासारख्या, समान कालवण आणि वरचा खुराक ही पद्धत सोयीची पडते. कोणताही हिशोब करताना गावच्या पशुवैद्यकांना किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारा, तुमच्या भागात ते बाभळेश्वरला आहे. २०१२ पासून राष्ट्रीय दुग्ध योजनेत राबवलेल्या आहार संतुलन कार्यक्रमातही गावातली प्रशिक्षित माणसे गाईच्या छातीचा घेर मोजून, दूध आणि फॅट नोंदवून, घरच्याच चाऱ्यातून सर्वांत स्वस्त संतुलित आहार काढून देत असत. म्हणजे मोजमापाची ही वाट गावच्या माणसांनी आधीच चाललेली आहे.

यजमानांशी बोलताना यंत्र नको, असे म्हणू नका. दिवाळीपर्यंत थांबू, तोवर वहीत रोज तीन आकडे लिहू, असे म्हणा : त्या दिवशी गेलेला खुराक, आलेले दूध आणि पावतीवरची फॅट. वही तुमच्या हाताची असू द्या. खुराकाचे रुपये भागिले लिटर, हा आकडा दर दहा दिवसांनी पगाराच्या पावतीवर लिहून ठेवा आणि निर्णय त्याच्याकडे पाहून दोघांनी घ्या. पुढे गाई पंचवीस झाल्या आणि वाट रुंद झाली, तर यंत्राचा विषय पुन्हा काढायला हरकत नाही.

आणि एक काम दिवाळीपर्यंत थांबणारे नाही. भाकड गाईंना दुभत्यांची उष्टावळ आणि वाढे घालतो, असे तुम्ही सहज लिहून गेला आहात. पत्राप्रमाणे त्यांतल्या एकीचे दिवस या महिन्याच्या अखेरीस भरतात, म्हणजे तिचे शेवटचे तीन आठवडे याच आठवड्यात सुरू होत आहेत. तिला उष्टे बंद करा. ताजी वैरण, कडबा आणि थोडा मुरघास द्या. खुराक अर्ध्या किलोने सुरू करून विण्यापर्यंत दोन किलोंवर न्या, म्हणजे व्यायल्यावर तिच्या पोटाला तो नवा वाटणार नाही. लसूणघास मात्र या तीन आठवड्यांत तिला देऊ नका. त्यात कॅल्शियम फार असते, आणि बाहेरून भरपूर मिळू लागले की हाडांतले कॅल्शियम काढण्याची तिच्या शरीराची सवय मोडते आणि व्याल्याबरोबर ती बसते. मागच्या वेळी बसलेली गाय हीच असेल तर डॉक्टरांना तसे आजच सांगा, म्हणजे विण्याआधीचे क्षार कोणते आणि विताना कॅल्शियम केव्हा द्यायचे, हे ते आधीच ठरवून ठेवतील.

तुमच्या दुसऱ्या पत्राची वाट पाहतो. त्यात त्या गाईचे आणि चाळणीतल्या दाण्यांचे जरूर लिहा.